गायमुखच्या चढावर दम सोडणारी गाडी : दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५, ऐरोली

दादांची गाडी काल रात्री माझ्याकडे आली. २०१४ सालचे मॉडेल, १.२ लिटरचे चार सिलिंडरांचे सोळा व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन, बीएस-४ प्रमाणातले, एमएच-०४ पासिंगचे. २०१७ मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेले असून त्याची आरसी बुकात नोंदही आहे. मीटरवर आज १,३२,४१० किलोमीटर आहेत. दादा कासारवडवलीहून वसईला नोकरीसाठी जातात, म्हणजे गायमुखचा घाट दिवसातून दोनदा लागतो, आणि मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी बराच वेळ जागीच उभी राहते.

तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो : "सिग्नलला उभे असताना इंजिन थरथरते, एसी लावला की जास्तच. गायमुखला दुसऱ्या गिअरशिवाय चढत नाही. गॅसवर घे नाहीतर पेट्रोलवर घे, अॅक्सिलरेटर दाबला तरी पिकअप म्हणून येत नाही." सकाळी चालू केल्यावर पहिली काही मिनिटे सायलेन्सरमधून काळसर धूर येतो. पूर्वी किलोला २४ किलोमीटर मिळणारे अॅव्हरेज आता १९ वर आले आहे, आणि चेक इंजिनचा दिवा पेटलेला आहे.

याआधी एका गॅरेजमध्ये चारही प्लग, तिसऱ्या सिलिंडरची (प्लगला वीज देणारी) कॉइल आणि एक्झॉस्टमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला असून त्यात ११,४०० रुपये गेले. दिवा चार दिवस बंद राहिला आणि पुन्हा लागला. बदललेले भाग चांगल्या प्रतीचे आहेत, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. परंतु बिलावर किंवा दादांच्या आठवणीत एकही मोजमाप नाही, म्हणजे काय बिघडले हे ठरण्याआधीच काय बदलायचे हे ठरले होते. ठाणे-बेलापूर मार्गावरच्या रासायनिक कारखान्यात उपकरण विभागात मी ३१ वर्षे काम केले. रीडिंग घेतल्याशिवाय पाना उचलायचा नाही ही तिथली शिस्त मी याही कामात पाळणार आहे, आणि म्हणूनच ही वही.

स्कॅनर जोडल्यावर दोन कोड मिळाले. पहिला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. दुसरा पी ०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतो आहे, त्यातले मिश्रण नीट पेटत नाही. कोडपेक्षा महत्त्वाची असते ती कोड नोंदला गेला त्या क्षणाची स्थिती, आणि ती ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, जपून ठेवली होती. पी ०१७१ नोंदला गेला तेव्हा इंजिन २,६४० आरपीएमवर, ८१ टक्के लोडखाली होते. पी ०३०३ नोंदला गेला तेव्हा ते ७६० आरपीएमवर, म्हणजे आयडलला, अॅक्सिलरेटर न दाबता नुसते चालू होते. एक दोष भाराखाली आणि दुसरा विश्रांतीत. हे एकच दुखणे असेल असे मी आज तरी धरून चालत नाही.

आता ट्रिमचे आकडे. ऑक्सिजन सेन्सर सांगेल त्याप्रमाणे ईसीयू इंजेक्टर उघडा ठेवण्याची वेळ कमीजास्त करतो. क्षणाक्षणाला होणारी दुरुस्ती ती शॉर्ट टर्म ट्रिम, आणि तीच दुरुस्ती सतत लागते असे दिसले की ईसीयू ती लाँग टर्म ट्रिममध्ये कायमची लिहून ठेवतो. गरम इंजिनावर, गॅसवर चालू असताना लाँग टर्म अधिक १७ टक्के होती आणि शॉर्ट टर्म अधिक १ ते ३ च्या दरम्यान फिरत होती. तसेच चालू ठेवून बटणाने पेट्रोलवर आणले, तेव्हा लाँग टर्म अधिक १७ तशीच राहिली, परंतु शॉर्ट टर्म आयडलला उणे ८ वर आणि २,५०० आरपीएमला उणे १३ वर गेली. बेरीज केली तर पेट्रोलवर आयडलला अधिक ९ आणि २,५०० ला अधिक ४.

या दोन ओळींत आजची सर्वांत मोठी माहिती आहे. इंजिन एक, ईसीयूची स्मृती एक, पण इंधने दोन. गॅसवर चालताना कमी पडणारे इंधन भरून काढण्यासाठी ईसीयूने १७ टक्के वाढ शिकून ठेवली आणि तीच वाढ तो पेट्रोलवरही लागू करतो. चालत्या गाडीत शॉर्ट टर्म ती खाली ओढते. परंतु सकाळी पेट्रोलवर सुरू होणाऱ्या थंड इंजिनावर, जेव्हा ऑक्सिजन सेन्सरचे म्हणणे अजून विचारात घेतले जात नाही, आणि चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरही, ही चुकीची शिकवण तशीच्या तशी लागू होते. सकाळचा काळा धूर त्यातून येतो असा माझा अंदाज आहे. यापुढे प्रत्येक रीडिंग दोनदा घ्यायचे, एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर, आणि वहीत कोणते कुठले ते स्पष्ट लिहायचे.

मंगळवार, ७ जानेवारी

संध्याकाळी बेलापूरच्या पारसिक हिलच्या रस्त्यावर चाचणी घेतली. मुलगा शेजारी बसून स्कॅनरचे आकडे मोबाइलवर नोंदवत होता. पूर्ण अॅक्सिलरेटरवर पेट्रोलमध्ये ऑक्सिजन सेन्सर ०.९ व्होल्टला चिकटून राहिला, म्हणजे मिश्रण रिच, इंधन जास्त. गॅसवर तोच सेन्सर चढाच्या मध्यावर ०.१५ व्होल्टपर्यंत खाली आला, म्हणजे लीन, आणि नेमका तिथेच गाडीचा जोर संपला. एकाच चढावर एका इंधनाने इंजिन गुदमरते आणि दुसऱ्याने उपाशी राहते.

रविवार, १२ जानेवारी

आजचा बहुतेक दिवस अशा तपासणीत गेला की जिच्यातून दोष सापडला नाही. तरीही सर्व लिहून ठेवतो, कारण निर्दोष ठरलेल्या भागांची यादीसुद्धा पुढच्या निर्णयाला लागते.

गॅसच्या गाड्यांमध्ये एक सवय सर्रास दिसते : पेट्रोल रिझर्व्हच्या काट्यापाशीच ठेवायचे. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे अशा गाड्यांचे पंप लवकर थकतात. दादांचीही तीच सवय, म्हणून मला पंपाचा संशय होता. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवले, लाइनमधला दाब उतरवला आणि मग गेज जोडला. चालू केल्यावर ३.० बार, एकदम अॅक्सिलरेटर दिल्यावर २.९, आणि बंद केल्यानंतर दहा मिनिटांनी २.७. पंप उत्तम आहे. पंपाच्या अर्थिंगमध्ये ०.३ व्होल्ट गळत होते. टर्मिनलवर खाडीकडच्या दमट हवेचा हिरवा थर बसला होता, तो घासून काढला आणि गळती ०.०५ वर आली. एवढ्याने गाडीत फरक पडणार नव्हता आणि पडलाही नाही.

दुपारी दुसरा संशय तपासला. आयडलला ट्रिम जास्त आणि वेग वाढवला की कमी, हे चित्र पाहिल्यावर कोणताही अनुभवी मेकॅनिक इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) हवेची गळती आहे असे म्हणेल, आणि येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर ज्या गाड्यांत असतो तिथे तो बरोबर ठरेल, कारण गळतीतून शिरलेली हवा त्या सेन्सरला दिसत नाही. या गाडीत तसा सेन्सर नाही. इथे ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सरने मोजून हवेचा हिशेब करतो. गळतीतून आलेली हवाही तो दाब वाढवते आणि हिशेबात धरली जाते. तेव्हा इथे गळतीचे लक्षण म्हणून चढलेला आयडल दिसला असता, आणि आपला आयडल ७६० वर आहे. तरीही तर्कावर न थांबता वाशीच्या परिचित मिस्त्रींकडून धुराचे यंत्र आणून मॅनिफोल्डमध्ये धूर भरला. कुठूनही धूर बाहेर आला नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती असली तरी सेन्सर फसतो, म्हणून तो जोडही तपासला. कोरडा आणि घट्ट आहे.

मग आयडलला अधिक ९ कशामुळे? उत्तर दुसऱ्या कोडमध्ये असले पाहिजे. सिलिंडरमध्ये मिश्रण जळले नाही तर त्यातले पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न वापरता बाहेर पडतात; सेन्सर मोजतो तो फक्त ऑक्सिजन. तो पाहून ईसीयूला मिश्रण लीन वाटते आणि तो चारही सिलिंडरांना जास्त पेट्रोल देतो. म्हणजे आयडलची चढी ट्रिम हा रोग नसून मिसिंगची सावली आहे.

बुधवार, १५ जानेवारी

संक्रांतीमुळे काल काम नव्हते. आज संध्याकाळी तासभर मिळाला.

तिसऱ्याची कॉइल पहिल्याला आणि पहिल्याची तिसऱ्याला लावली. मिसिंग तिसऱ्यावरच राहिले. प्लगचेही तसेच करून पाहिले, फरक नाही. मग मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावला. हे साधे, विजेशिवाय चालणारे साधन आजकाल गॅरेजमधून नाहीसे होत चालले आहे याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण इंजिन उघडण्यापूर्वी त्याच्या आतले जेवढे तो काटा सांगतो तेवढे स्कॅनरही सांगत नाही.

काटा पाऱ्याच्या १७ इंचांवर होता, परंतु स्थिर नव्हता. ठरावीक लयीत तो ३ इंचांनी खाली झटका देऊन परत येत होता. मोबाइलवर संथ चित्रफीत घेऊन झटके मोजले, सेकंदाला सहा. ७६० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरचा पॉवर स्ट्रोक सेकंदाला सहाहून किंचित जास्त वेळा येतो, म्हणजे एकच सिलिंडर दर फेरीला चुकतो आहे. २,५०० ला काटा जवळजवळ स्थिर झाला. नियमित झटका म्हणजे बहुधा नीट न बसणारा व्हॉल्व्ह. प्लग, कॉइल किंवा सेन्सर बदलून हा झटका जाणार नव्हता.

रविवार, १९ जानेवारी

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, मोजून घेतले. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर सोडलेले, थ्रॉटल पूर्ण उघडे, प्रत्येकी सहा ठोके. यातली एक अट चुकली तरी आकडे खोटे पडतात.

पहिला १७५, दुसरा १७८, तिसरा ११८, चौथा १७२ पीएसआय.

तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घेतले, १२४. रिंग झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा बराच वर आला असता. तो आला नाही, म्हणजे हवा खालून नव्हे, वरून जाते आहे. खात्रीसाठी पिस्टन वरच्या टोकाला आणून, गिअरमध्ये गाडी अडकवून, सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाने हवा भरली आणि लीकडाउन, म्हणजे त्यातली किती हवा गळते ते, मोजले. इतर तीन सिलिंडरांत गळती ८ ते १० टक्के, तिसऱ्यात ३८ टक्के. ऑइल भरायच्या तोंडाशी कान लावला, शांत. थ्रॉटल बॉडीशी शांत. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही, म्हणजे हेड गॅस्केट ठीक. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र वाऱ्याचा स्पष्ट फुसफुसाट ऐकू आला. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

दादांना फोन करून विचारले की पूर्वी इंजिनाचा टॅपेटचा टकटक आवाज यायचा का. ते म्हणाले, "हो, आधी यायचा. गेल्या वर्षभरात बंद झाला, मला वाटले इंजिन सुधारले." तो आवाज बंद होणे हेच पहिले लक्षण होते.

शनिवार, २५ जानेवारी

गाडी रात्रभर थंड ठेवली होती, कारण या इंजिनात टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हचे टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट, थंड असतानाच मोजायचा असतो. वाशीचे मिस्त्री सकाळी आले. रॉकर कव्हर उघडले. या इंजिनात रॉकरला स्क्रू आणि नट असल्यामुळे शिम (मापाच्या चकत्या) न बदलता गॅप लावता येतो, हे सुदैव.

सेवापुस्तिकेतले माप इनटेकला ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३०. इनटेकचे आठही व्हॉल्व्ह ०.१३ ते ०.१७ मध्ये मिळाले. एक्झॉस्टचे गॅप सगळेच कमी झालेले होते : पहिला सिलिंडर ०.१६ आणि ०.१८, दुसरा ०.१४ आणि ०.१७, चौथा ०.१२ आणि ०.१५. तिसऱ्याचा एक व्हॉल्व्ह ०.०६, आणि त्याच सिलिंडरच्या दुसऱ्या व्हॉल्व्हला फीलर गेजची सर्वांत बारीक ०.०५ ची पातही शिरली नाही.

असे का होते ते इथे सविस्तर लिहितो, कारण ठाणे आणि नवी मुंबईत रस्त्यावरच्या इतक्या गाड्या गॅसवर चालत असताना ही गोष्ट मालकांना सांगितली जात नाही. पेट्रोल द्रवरूपात येते, त्याचे थेंब बाष्प होताना उष्णता ओढतात आणि जळताना उरलेल्या अंशांचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि तो जिच्यावर टेकतो ती सीट यांच्या मध्ये थोडासा गादीसारखा राहतो. सीएनजी कोरडा वायू आहे. त्यात हे काहीच नसते. शिवाय मिश्रण लीन असेल तर ते हळू जळते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही ज्वाला गरमच असते. अशा उष्णतेत व्हॉल्व्ह सीटवर प्रत्येक ठोक्याला आपटतो आणि सीट कणाकणाने झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याचे टोक रॉकरजवळ येते आणि गॅप मिटत जातो. गॅप शून्य झाला की कॅम मोकळा असतानाही व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. नीट न बसलेला व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही, आणि व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता सीटमार्गेच बाहेर जात असल्यामुळे तो अधिक तापतो आणि कडेने जळू लागतो. म्हणजे गॅसच्या बाजूचा लीन मिश्रणाचा दोष आणि तिसऱ्या सिलिंडरचा हा दोष वेगळे दिसत असले तरी पहिल्याने दुसऱ्याला हातभार लावला असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

मिस्त्रींचे मत होते की आताच हेड (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सीट कटिंग, लॅपिंग आणि फेसिंग, म्हणजे सीट आणि व्हॉल्व्ह घासून पुन्हा नीट बसतील असे, करून घ्यावे. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि मत अवाजवीही नाही. पण व्हॉल्व्ह जळला आहे की केवळ अधांतरी लटकला आहे हे अजून ठरलेले नव्हते, आणि गॅप लावून पुन्हा मोजायला दोन तासच लागणार होते. त्यांनी ते मान्य केले. एक्झॉस्टचे आठही व्हॉल्व्ह मापाच्या वरच्या टोकाला, ०.३० वर लावले, कारण पुढची झीज गॅप कमीच करणार आहे. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून प्रत्येक गॅप आवळल्यानंतर पुन्हा तपासला. तीन ठिकाणी पुन्हा लावावा लागला. रॉकर कव्हरला नवीन गॅस्केट.

रविवार, २६ जानेवारी

इंजिन गरम करून पुन्हा कॉम्प्रेशन घेतले. तिसरा सिलिंडर १४८. लीकडाउन ३८ वरून २१ टक्के. व्हॅक्यूमचा काटा १९ इंचांवर, झटका अर्ध्या इंचाहून कमी. एसी लावूनही स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला थरथर जाणवत नाही. टॅपेटचा हलका आवाज परत आला आहे आणि तो कानाला बरा वाटतो.

२१ टक्के गळती निरोगी नाही, हे मी स्वतःशी स्पष्ट मान्य करतो. सीटवर जळका ओरखडा नक्कीच आहे. परंतु व्हॉल्व्ह आता बसतो आहे, उष्णता सोडतो आहे, आणि इतर तीन सिलिंडर उत्तम आहेत. हेड आज उतरवायचे नाही. ठरावीक अंतरानंतर पुन्हा मोजून निर्णय घ्यायचा.

मिसिंगच्या काळात न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि त्याची जाळी वितळू शकते, म्हणून पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज लावून मागचा दाब मोजला. २,५०० आरपीएमला १ पीएसआय. कन्व्हर्टर मोकळा आहे.

मंगळवार, २८ जानेवारी

पेट्रोलवर इंजिन आधी निरोगी करायचे, आणि गॅस नंतर त्याला जुळवायचा. हा क्रम उलटा केला तर गॅसची जुळवणी चुकीच्या पायावर उभी राहते. म्हणून ईसीयूमधली शिकलेली ट्रिम पुसली, टाकी अर्धी भरली, गॅसचे बटण बंद केले, आणि दादांना काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवायला सांगितले. त्यांना खर्च जास्त येईल याची कल्पना दिली.

शनिवार, १ फेब्रुवारी

पेट्रोलवर २१० किलोमीटर झाले. लाँग टर्म आयडलला अधिक ५, वेगात अधिक ४, शॉर्ट टर्म दोन्हीकडे शून्याच्या आजूबाजूला. आयडल आणि वेग यांतला फरक मिटला, म्हणजे मिसिंगची सावली गेली. दोन्ही कोड परत आले नाहीत आणि सकाळचा धूर बंद झाला.

अधिक ४ ते ५ वर अजून काही शोधायचे का, असे मुलाने विचारले. शोधायचे नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ही गाडी त्याआधीची आहे. तेवढीच हवा जाळायला तिला थोडे जास्त इंधन सोडावेच लागते. या गाडीसाठी निरोगी ट्रिम म्हणजे शून्य नव्हे, अधिक ४ आहे, आणि गॅसची जुळवणी याच आकड्याशी करायची आहे.

रविवार, २ फेब्रुवारी, तुर्भे

गॅसच्या लाइनला मी हात लावत नाही. टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो आणि त्या बाजूचे काम परवाना असलेल्या फिटरनेच करायचे, हा माझा न मोडण्याचा नियम आहे. तुर्भ्याच्या अधिकृत फिटरकडे गेलो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट २०२३ मध्ये झाल्याचे प्रमाणपत्र त्यांनी आधी पाहिले, ही त्यांची पद्धत मला आवडली.

त्यांच्या लॅपटॉपवर गॅसच्या ईसीयूचे आकडे पाहिले. रिड्यूसर टाकीतला दाब उतरवून इंजेक्टर रेलला मॅनिफोल्डच्या दाबापेक्षा सुमारे २ बार जास्त देतो. आयडलला तो २.१ होता. गाडी चढावर नेऊन पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर तो १.४ वर कोसळला. रिड्यूसर आणि रेलच्या मधला कमी दाबाचा फिल्टर काढला, तर त्यातून काळपट तेलकट गाळ निघाला. भरणा केंद्रातल्या कॉम्प्रेसरचे तेल वायूबरोबर थोडे थोडे येते आणि इथे साचते. दादांना विचारले तेव्हा कळले की किट बसवल्यापासून हा फिल्टर एकदाच बदलला आहे. नवीन फिल्टर ३५० रुपयांचा. बदलल्यानंतर त्याच चढावर दाब १.९५ च्या खाली गेला नाही.

मग जुळवणी. सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो, गॅसचा ईसीयू ती आज्ञा अडवून तिला आपल्या गुणकाने गुणतो आणि गॅसचा इंजेक्टर तेवढा वेळ उघडतो. गुणक बरोबर असेल तर पेट्रोलच्या ईसीयूला इंधन बदलल्याचे कळतसुद्धा नाही. तपासणी सोपी आहे : त्याच वेगाला, मॅनिफोल्डच्या त्याच दाबाला, दोन्ही इंधनांवर पेट्रोलच्या ईसीयूची आज्ञा सारखी आली पाहिजे. २,००० आरपीएम आणि ४५ किलोपास्कलला पेट्रोलवर ४.६ मिलिसेकंद येत होते. जुन्या, गाळ साचलेल्या फिल्टरसह गॅसवर ५.४, म्हणजे सुमारे १७ टक्के जास्त. पहिल्या दिवशीचा आकडा इथे दुसऱ्या मार्गाने परत भेटला. नव्या फिल्टरनंतर ४.९, आणि फिटरने गुणक दुरुस्त केल्यावर ४.७. भाराखालच्या चार बिंदूंवरही असेच करून घेतले. त्यांनी प्लगचा गॅप १.१ वरून ०.८ करायला सांगितले, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते आणि मोठा गॅप कॉइलवर ताण आणतो. तोही केला.

रविवार, ९ फेब्रुवारी, गायमुख

सकाळी साडेसहाला, रस्ता मोकळा असताना, दादा स्वतः चालवत होते आणि मी शेजारी स्कॅनर घेऊन बसलो होतो. गॅसवर, चार माणसे, एसी चालू. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. वळणावर एका टँकरमागे वेग ३० पर्यंत उतरला तेव्हा दादांचा हात सवयीने दुसऱ्याकडे गेला. मी थांबायला सांगितले, आणि गाडी तिसऱ्यातच पुन्हा वेग घेऊन वर आली. ऑक्सिजन सेन्सर पूर्ण अॅक्सिलरेटरवर ०.७५ व्होल्टच्या खाली आला नाही. परतताना तोच चढ पेट्रोलवर, बटण दाबल्यानंतर शॉर्ट टर्म उणे १ पलीकडे हलली नाही. गॅसवर वायू हवेची जागा अडवतो म्हणून पेट्रोलपेक्षा जोर थोडा कमी राहणारच, आणि तेवढा फरक जाणवला.

दादांनी घाटमाथ्यावर काही न बोलता एसीचा पंखा एक टप्पा वाढवला. दोन वर्षे ते या चढावर एसी बंद करत आले होते.

शनिवार, २२ मार्च

मीटरवर १,३५,१२०. शेवटच्या मोजमापानंतर सुमारे २,३०० किलोमीटर. गॅसवर अॅव्हरेज किलोला २३.५.

गाडी रात्रभर थंड ठेवून गॅप पुन्हा मोजले. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर ०.२९ ते ०.३०. तिसऱ्याचे दोन ०.२७ आणि ०.२६. कॉम्प्रेशन १५५, गळती १७ टक्के, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर बसत चालला आहे आणि आकडे सुधारले आहेत. पण गॅपची घट इतरांहून स्पष्टपणे वेगवान आहे, म्हणजे त्या सीटचा कठीण थर संपत आला असावा. हाच वेग राहिला तर पंधरा-सोळा हजार किलोमीटरांत गॅप पुन्हा मिटेल. मिस्त्रींचे हेडचे मत रद्द झालेले नाही, पुढे ढकलले गेले आहे, आणि तसे मी त्यांना फोनवर सांगितले.

तिसऱ्याचे दोन्ही गॅप परत ०.३० केले. पुढचे मोजमाप १,४०,००० ला. तिसऱ्याचा गॅप तेव्हा ०.२५ च्या खाली असेल तर पावसाळा संपल्यावर हेड वागळे इस्टेटला जाईल आणि एक्झॉस्टच्या सीट गॅससाठीच्या कठीण धातूच्या बसवल्या जातील. गॅसचा कमी दाबाचा फिल्टर दर १५,००० ला बदलायचा, पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ द्यायचे नाही, आणि रोज किमान पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवायचे. दादांनी हे तिन्ही डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले आहे.